रुंदी सगळ्यात शेवटी ठरवा
चाकं आणि रस्ते : भाग सहावा

गेल्या भागात टायरच्या कडेवरचे आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. २३५/६० आर १८ म्हणजे २३५ मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या ६० टक्के उंचीची साइडवॉल आणि १८ इंचांची रिम. आज तेच आकडे घेऊन मुंबईत ऑपेरा हाउसच्या मोटारपार्टच्या दुकानांत हमखास निघणारा विषय समजून घेऊ : दमदार एसयूव्हीला कंपनीच्या चाकांपेक्षा रुंद चाकं घालावीत का?

रुंद चाकाचा फायदा खरा आहे. पण व्यास, ऑफसेट, भारक्षमता आणि कायदा या चारही गोष्टी जुळल्यावरच रुंदीचा विचार करायचा. दुकानात बहुतेक वेळा क्रम उलटा होतो. आधी डिझाइन आवडतं, मग ते चाक गाडीत बसवायची खटपट सुरू होते.

एकच आकडा, दोन गाड्या

महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० चं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन २०० पीएस ताकद आणि ३८० न्यूटन मीटर टॉर्क देतं. तिच्या वरच्या मॉडेलांना २३५/६० आर १८ टायर येतात. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या मकानला १८ इंची चाकांवर पुढे नेमकी हीच साइज होती, मागे मात्र २५५/५५ आर १८. म्हणजे मागचा टायर २० मिलिमीटर रुंद, आणि तो कारखान्यातूनच.

आता व्यास काढू. अठरा इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. पुढच्या टायरची साइडवॉल १४१ मिलिमीटर. वरची आणि खालची मिळून २८२. एकूण व्यास ७३९.२. मागच्याची साइडवॉल १४०.२५, म्हणून व्यास ७३७.७. फरक दीड मिलिमीटरचा, ०.२ टक्के. रुंदी वाढवताना पोर्शनं साइडवॉलची टक्केवारी साठावरून पंचावन्नवर आणली ती यासाठीच. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांचे घेर वेगळे झाले तर मधली यंत्रणा सतत ताणाखाली राहते. एबीएस आणि ईएसपीही चाकांच्या फिरण्याच्या वेगावरच निर्णय घेतात.

याउलट २७५/४५ आर २० घातला, तर व्यास ७५५.५ होतो, म्हणजे मूळ टायरपेक्षा २.२ टक्के जास्त. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्याहून सुमारे पावणेदोन किलोमीटर वेगात असेल. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात वेगमर्यादा ८० चीच आहे. शिवाय डिकीतली स्टेपनी उरलेल्या तीन चाकांशी जुळणार नाही.

रुंद टायर नेमकं काय देतो

रुंद टायर जमिनीला जास्त रबर टेकवतो, हा समज अर्धाच खरा आहे. एका चाकावर ५०० किलो भार आणि आत ३३ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास राहतो. टायर २३५ चा असो वा २५५ चा, भार आणि हवा तीच असेल तर क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. बदलतो त्याचा आकार. तो रुंदीला वाढतो आणि लांबीला आखडतो. अशा आकाराचा टायर वळणावर कमी पिळवटतो, म्हणून स्टिअरिंगला गाडी चटकन प्रतिसाद देते.

पावसात हाच आकार अडचणीचा ठरतो. रुंद टायरला दर क्षणी जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो. म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हिंदमाताला साचलेलं पाणी आपण रांगत पार करतो, तिथे टायर तरंगण्याची भीती नाही. तो धोका आहे अटल सेतूवर आणि ईस्टर्न फ्रीवेवर, जिथे वेग असतो आणि रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. टायर गोटा झालेला असेल तर हा धोका कैक पटींनी वाढतो.

साइडवॉल घालवू नका

चाक रुंद करण्याच्या नादात बहुतेकजण रिमही मोठी करतात. २५५/४५ आर २० चा व्यास ७३७.५ येतो, गणित चोख बसतं. पण साइडवॉल १४१ वरून ११५ मिलिमीटरवर येते. रस्त्याचा धक्का आधी झेलणारं रबर आणि त्यातली हवा २६ मिलिमीटरनं कमी होते.

आपल्या भागात याची किंमत मोजावी लागते. गिरगावातल्या गल्ल्यांत निखळलेले पेव्हर ब्लॉक, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, लालबागच्या उड्डाणपुलाचे सांधे, परळला पाण्याखाली न दिसणारे खड्डे. कडेवर जोराचा धक्का बसला की साइडवॉल रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. रिम वाकली तर ती ठोकून सरळ करून देणारे भेटतात, पण ओतीव अलॉय एकदा वाकून सरळ केलं की त्याच्या मजबुतीची खात्री उरत नाही. म्हणून मुंबईत टायर रुंद करायचाच, तर रिम १८ इंचांचीच ठेवावी असं मी ठामपणे सांगेन.

ऑफसेट आणि हब

चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा मूळ ऑफसेट ४० आहे आणि नव्या चाकाचा ३५. टायर २३५ चा २५५ झाला म्हणजे प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर वाढला. ऑफसेट पाचनं घटला म्हणजे अख्खं चाक ५ मिलिमीटर बाहेर सरकलं. परिणामी टायर बाहेर १५ मिलिमीटर आणि आत ५ मिलिमीटर पुढे आला. बाहेर मडगार्डची कड, आत सस्पेन्शनचा स्ट्रट. दोन्हीकडे तेवढी जागा आहे का, हे चाक घेण्याआधी मोजायचं.

ऑफसेट फार कमी केला तर टायर मडगार्डबाहेर डोकावतो आणि चिखल शेजारून चालणाऱ्यांच्या अंगावर उडतो. व्हील बेअरिंगवर ताण वाढतो, ब्रेक मारताना स्टिअरिंग ओढू लागतं. स्पेसर लावून चाक बाहेर काढणं हा त्याच दुखण्याचा वेगळा प्रकार आहे.

पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, तंतोतंत जुळलाच पाहिजे. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची सेंटरिंग रिंग हवी. नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी वेगात थरथर राहते. नट शंकूच्या बैठकीचे की गोल बैठकीचे, तेही पाहा. आणि २५५/५५ आर १८ या साइजला ७ ते ९ इंच रुंदीची रिम चालते, टायरचं प्रमाण माप ८ इंचांवर धरलेलं असतं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या कडा फुगतात आणि रुंदीचा फायदा हरवतो.

भारक्षमता आणि कायदा

नव्या टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. १०३ म्हणजे एका टायरवर ८७५ किलो, ९९ म्हणजे ७७५. चार चाकांवर मिळून हा फरक ४०० किलोंचा होतो. सहा-सात माणसं आणि सामान घेऊन गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीला हे ४०० किलो लागतात. चाकावरही भारक्षमता कोरलेली असते; नसेल तर ते चाक घेऊ नका. जपानी चाकांवरचे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के खरे असतील तर उपयोगाचे आहेत, पण नकली मालावरही ते उमटतात. म्हणून बिल आणि उत्पादकाचं नाव पक्कं हवं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. तेव्हा कंपनीनं तुमच्या मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला दिलेली साइज निवडणं सगळ्यात सुरक्षित. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी कंपनीकडून लेखी घ्या, ताडदेवच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर हा विषय निघाला तर फार उशीर झालेला असतो.

बिल देण्यापूर्वी

पुढचं एकच चाक बसवायला सांगा. मडगार्डच्या आतल्या लायनरला खडू फासा, चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी एखाद्या उतारावर तिरकी चढवा आणि उतरवा. खडू पुसला गेला तर चाक घासतंय. मागच्या चाकालाही हीच परीक्षा. पसंत पडलं तर चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा, नट टॉर्क रेंचनं कंपनीच्या मापाला आवळा आणि ५०–१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

दादर-परळच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक माप घ्यावं. यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी पॅलेटवर चाकांसाठी ठरावीक रुंदीची पन्हळ असते. बाहेर आलेली चाकं तिच्या कडेला घासतात आणि रिमची कड खरवडली जाते.

यातली एखादी अटही जुळत नसेल, तर तोच पैसा मूळ साइजच्या उत्तम टायरांवर घाला. ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल चरांचा नवा २३५ चा टायर, झिजलेल्या किंवा स्वस्त २५५ पेक्षा जुलैतल्या मुंबईत केव्हाही लवकर थांबवतो. गाडीत आपली माणसं बसलेली असतात. चाक निवडताना पहिला विचार त्यांचाच व्हावा.

पुढच्या भागात : टायरमधली हवा. किती भरायची, कधी तपासायची आणि नायट्रोजननं खरंच काय बदलतं.