बोट हलण्याआधीचा एक सेकंद

कानाशी टाचणी पडली की मेंदूत काय होतं, हे मोजणं तुलनेनं सोपं. टाचणी कधी पडली ते संशोधकाला ठाऊक असतं. पण माणसानं मनात येईल तेव्हा बोट हलवायचं ठरवलं, तर त्याआधीच्या मेंदूची नोंद कुठून धरायची?

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात १९६४ साली हान्स हेल्मुट कॉर्नह्यूबर आणि त्यांचा विद्यार्थी ल्यूडर डेके यांनी यावर नामी युक्ती काढली. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आणि स्नायूची हालचाल त्यांनी टेपवर घेतली आणि टेप उलटी चालवली. आता हालचाल आधी आणि तिचा पूर्वरंग मागाहून. अशा अनेक हालचालींची सरासरी काढल्यावर नेहमीच्या लहरींच्या गलबल्यातून एक संथ उतार वर आला. व्होल्टचे जेमतेम काही दशलक्षांश, पण बोट हलण्याच्या सेकंदभर आधीच सुरू झालेला! हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला; या उताराला 'सज्जता विभव' म्हणता येईल.

खरी खळबळ उडवली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन लिबेट यांनी, १९८३ साली. पडद्यावरचा ठिपका २.५६ सेकंदांत गोल फेरी मारायचा. मनगट हलवावंसं वाटलं, त्या क्षणी ठिपका कुठे होता, एवढंच लोकांनी सांगायचं. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी निघाली. मेंदूतली तयारी मात्र साधारण ५५० मिलिसेकंद आधीची. मग ठरवतं कोण, मी की माझा मेंदू? लिबेट यांनी एक वाट मोकळी ठेवली होती: शेवटच्या क्षणी माणूस हालचाल रोखू शकतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ही रोखण्याची मुदत मोजली. हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीपर्यंत थांबता येतं, त्यानंतर नाही.

दरम्यान, २०१२ मध्ये एरन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उतारावरच शंका घेतली. मेंदूतल्या लहरी आपोआप वरखाली होत असतात. घाई नसेल तर त्या चढ-उतारात उंबरठा ओलांडला जातो तेव्हाच बोट हलतं. हालचालीपासून मागे मागे जात सरासरी काढली, की नुसत्या चढ-उतारांचाही सुबक उतार दिसणारच.

२०१९ मध्ये उरी माओझ यांच्या गटानं बटणाला वजन दिलं. दोन संस्थांपैकी हजार डॉलर कुणाला द्यायचे, ते बटण दाबून ठरवायचं. काही फेऱ्यांत मात्र काहीही दाबलं तरी दोघींना पाचपाचशेच मिळणार होते. अशा बिनमहत्त्वाच्या फेऱ्यांत सज्जता विभव ठळक उमटलं. पैसे खरोखर कुणाला जाणार हे ठरत होतं, तिथे ते जवळजवळ दिसलंच नाही.