पिण्याचे पाणी डोळ्याला का चालत नाही?

काही दिवसांपूर्वी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हांला एक प्रसंग सांगितला. सहलीला गेलेल्या अकरावीच्या एका मुलीने रात्री डोळ्यांतल्या कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या आणि मग तिच्या लक्षात आले, की लेन्सच्या द्रावणाची बाटली घरीच राहिली आहे. तिने लेन्स पेल्यात, फिल्टरच्या पाण्यात ठेवल्या आणि सकाळी पुन्हा डोळ्यांत घातल्या. दुपारपर्यंत डोळे लाल झाले. बाईंनी लेन्स काढायला लावल्या आणि त्याच दिवशी तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. सुदैवाने थोडक्यात निभावले. पण बाईंचा प्रश्न कायम होता : "तेच पाणी आम्ही सगळे प्यायलो. कुणाचे पोटही दुखले नाही. मग ते डोळ्याला का चालू नये?"

लेन्सच्या खोक्यावर 'हे करा, ते करू नका' अशी यादी छापलेली असते; कारणे मात्र दिलेली नसतात. कारणे समजली, तर यादी पाठ करावी लागत नाही. ती कारणे आपण पाहू.

रक्तवाहिन्यांवाचून जगणारा पडदा

डोळ्याच्या पुढच्या बाजूला पारपटल नावाचा पारदर्शक पडदा असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो येथेच. हा पडदा पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. मग त्यातील जिवंत पेशींना ऑक्सिजन कोठून मिळतो? मुख्यतः हवेतून! हवेतला ऑक्सिजन अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तेथून पारपटलात शिरतो. आपण झोपतो तेव्हा हवेचा संबंध तुटतो. पापणीच्या आतील बाजूच्या रक्तवाहिन्यांतून जो ऑक्सिजन येतो, त्यावर भागवावे लागते. हा पुरवठा उघड्या डोळ्याच्या सुमारे एक-तृतीयांश इतकाच असतो.

अशा या पडद्यावर आपण लेन्स ठेवतो, म्हणजे त्याच्या श्वासाच्या वाटेवरच झाकण ठेवतो. १८८८ साली आडोल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या लेन्स काही तासांपेक्षा जास्त वेळ सहन होत नसत. पुढे कठीण प्लॅस्टिकच्या लेन्स आल्या. त्यांतूनही ऑक्सिजन जवळजवळ जात नसे. १९६१ च्या डिसेंबरात ऑटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या यांत्रिक खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून घरीच एक यंत्र जुळवले आणि पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलच्या लेन्स तयार केल्या. या जेलमधील पाण्यातून ऑक्सिजन पलीकडे पोहोचतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनयुक्त जेलच्या लेन्स आल्या, त्यांतून ऑक्सिजन आणखी सहज जातो.

म्हणजे मऊ लेन्स हा पाणी शोषून घेणारा, सच्छिद्र पदार्थ आहे. तिचा गुण तो हाच, आणि धोकाही येथूनच सुरू होतो.

पेल्यातल्या पाण्यात काय असते?

पहिली गोष्ट परासरणाची. अश्रूंचा खारेपणा सुमारे ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाइतका असतो. साध्या पाण्यात ठेवलेली मऊ लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो आणि डोळ्यात घातल्यावर ती पारपटलाला चिकटू शकते. तिच्या घासण्याने पारपटलाच्या वरच्या थरावर बारीक ओरखडे पडतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नळाच्या पाण्यात, मातीत, पोहण्याच्या तलावात अकॅन्थामीबा नावाचा एकपेशीय जीव आढळतो. तो पोटात गेला तरी सहसा काही बिघडत नाही. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करतो. या अवस्थेला पुटी म्हणतात. पाणी शुद्ध करण्यासाठी घातलेल्या क्लोरीनला ही पुटी दाद देत नाही. अमीबा लेन्सला चिकटून डोळ्यात गेला आणि त्याला एखादा ओरखडा सापडला, तर तो पारपटलात शिरतो. या रोगात डोळा बऱ्याचदा असह्य दुखतो, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि कधीकधी दृष्टी जाते. पोटाला जठररसातील आम्लाचे संरक्षण आहे आणि जागोजागी रक्तपुरवठाही आहे. पारपटलाचे रक्षण करतात ते प्रामुख्याने अश्रू, पापणीची उघडझाप आणि त्याचा अखंड वरचा थर. लेन्स या तिन्हींच्या आड येते.

कुणी म्हणेल, पाणी उकळून त्यात मीठ घातले तर? हा प्रयोग होऊन गेला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक जण ऊर्ध्वपातित पाण्यात मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच द्रावण करीत. तेथे अकॅन्थामीबाचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांचा या घरगुती द्रावणाशी संबंध आढळला. मिठाने खारेपणा जुळतो. पण जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण थंड होताना, भांड्यातून भांड्यात ओतताना नवे जंतू पुन्हा येतात.

द्रावण आहे म्हणून निर्धास्त नको

तयार द्रावणात जंतुनाशक असते, पण ते लेन्सवर काम करताना खर्च होत जाते. काल वापरलेल्या द्रावणात आज थोडे नवे घालणे, म्हणजे दुबळ्या औषधावर भिस्त ठेवणे होय. २००६ साली अमेरिकेत फ्युझेरियम बुरशीमुळे डोळ्यांना संसर्ग झाल्याचे १६४ रुग्ण निश्चित झाले. त्यांतील बहुतेक जण मऊ लेन्स वापरणारे होते. सुमारे एक-तृतीयांश जणांवर पारपटलाचे रोपण करावे लागले किंवा करण्याचे ठरले. एका विशिष्ट द्रावणाशी या साथीचा संबंध दिसला आणि ते बाजारातून परत घेण्यात आले. जुन्या द्रावणात नवे घालण्याच्या सवयीमुळेही धोका वाढत होता, असे तपासात आढळले.

झोपेचा धोकाही आकड्यांत मांडता येतो. अमेरिकेतील एका पाहणीचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. मऊ लेन्स केवळ दिवसा वापरण्याच्या प्रकारात दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला ४.१ जणांना पारपटलाचा व्रण झाला होता. झोपेतही ठेवता येणाऱ्या लेन्सच्या बाबतीत हा आकडा २०.९ होता. म्हणजे पाचपट! बंद पापणीखाली ऑक्सिजन आधीच कमी आणि त्यावर लेन्सचे झाकण, हे आपण वर पाहिलेच.

आता नियम आपोआप सुचतात

लेन्सला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करावेत, कारण ओल्या हातावर नळाचे पाणी असते. लेन्स तळहातावर ठेवून द्रावणाने हलकेच चोळावी, कारण चिकटलेला थर नुसत्या भिजवण्याने निघत नाही. डबीतील द्रावण रोज टाकून द्यावे, डबी द्रावणानेच विसळून उघडी, पालथी वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. आंघोळीपूर्वी, पोहण्यापूर्वी, रंगपंचमीला बाहेर पडण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी लेन्स काढाव्यात. स्नेहसंमेलनातील नाटकासाठी रंगीत लेन्स एकमेकांच्या वापरू नयेत. लेन्स वापरणाऱ्याने चष्मा नेहमी जवळ ठेवावा. त्या मुलीजवळ तो असता, तर लेन्स सरळ फेकून देता आल्या असत्या.

वर्गात यासाठी फारसे साहित्य लागत नाही. साध्या पाण्यात आणि साखरेच्या दाट पाकात बेदाणे ठेवले, की परासरण दिसते. वापरून टाकलेली मऊ लेन्स रंगाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी आणि सकाळी रंग किती आत शिरला ते पाहावे. ती अर्थातच नंतर टाकून द्यायची! आठवडाभर गवत भिजत ठेवलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पाण्यातल्या वस्तीची कल्पना येते.

शेवटी शिक्षकांसाठी एक सूचना. लेन्स वापरणाऱ्या विद्यार्थ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स ताबडतोब काढायला सांगा. दुकानातून मनाने थेंब आणून घालू देऊ नका; स्टेरॉईडयुक्त थेंबांनी लाली कमी होते आणि आतला रोग मात्र वाढत राहतो. त्याच दिवशी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा आणि लेन्स व डबी सोबत द्या, म्हणजे जंतू ओळखायला मदत होते. त्या बाईंना कारणे ठाऊक नव्हती, पण त्यांनी नेमके हेच केले.