चढ लागला की सायकल बदलावी का?

‘टूर द फ्रान्स’ ही सायकल-शर्यत आता आपल्याकडेही पुष्कळजण आवडीने पाहतात. ती पाहणाऱ्या काही स्नेह्यांनी मला एक प्रश्न वारंवार विचारला आहे. स्वार उत्तम सायकलीवर आहे, चाक पंक्चर नाही, साखळी निसटलेली नाही; तरीही तो मध्येच थांबतो, हातातली सायकल सोडतो आणि मागच्या मोटारीच्या टपावरून उतरवलेली दुसरी सायकल घेऊन निघून जातो. सेकंदासेकंदासाठी झगडणारा माणूस आपणहून दहा-पंधरा सेकंद का घालवतो? प्रश्न क्रीडेचा असला तरी त्याचे निम्मे उत्तर शरीरशास्त्रात आहे. म्हणून वैद्यक व्यावसायिकांच्या या स्मरणिकेत तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

नाइलाजाचा बदल

काही बदल सक्तीचे असतात. पंक्चर, बिघडलेला गिअर, घोळक्यात झालेला अपघात ही त्यांची नेहमीची कारणे. पूर्वी पंक्चर झाल्यास केवळ चाक बदलत. आता शर्यतीच्या सायकलींना डिस्क ब्रेक असतात. त्यांचे चाक काढून बसवण्यास अधिक वेळ लागतो, त्यामुळे अख्खी सायकल बदलणेच पुष्कळदा सोयीचे ठरते.

एके काळी एवढी मुभा नव्हती. १९१३ साली टूरमाले घाटात युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुरुस्ती ज्याची त्यानेच करावी, असा नियम होता. मोडकी सायकल घेऊन तो घाट पायी उतरला आणि पायथ्याच्या गावातील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने तो चिमटा जोडला. भाता हलवण्यास एका पोराने मदत केली, एवढ्यावरून पंचांनी त्याला वेळेचा दंड ठोठावला! शर्यत तर हातची गेलीच. पुढे नियम सैल झाले.

मात्र मिळेल त्या सायकलीने भागत नाही. २०१६ साली मोंत व्हांतूच्या चढावर अपघातात क्रिस फ्रूमची सायकल मोडली. तो काही अंतर चक्क धावत गेला. नंतर आयोजकांकडून मिळालेली सायकल त्याच्या मापाची नव्हती. स्वतःच्या संघाची मोटार येताच त्याने तीही बदलली. दुसऱ्याच्या चष्म्याने वाचता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

हिशेबाचा बदल

खरे कुतूहल आहे ते धडधाकट सायकल जाणूनबुजून बदलण्याचे. हा प्रकार बहुधा टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी धावण्याच्या टप्प्यात दिसतो. आपल्या ग्वाल्हेरचेच उदाहरण घेऊ. समजा, मुरारहून सपाट रस्त्याने यायचे आणि शेवटी उरवाई दरवाज्याने किल्ल्यावर चढायचे आहे. सपाटीवर ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्याचा मुख्य शत्रू वारा. त्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. म्हणून टाइम ट्रायलच्या सायकलीवर तो कोपरे टेकवून, पाठ आडवी करून बसतो. उरवाईचा चढ लागला की वेग निम्म्यावर येतो, वाऱ्याचा विरोध ओसरतो आणि गुरुत्वाकर्षण समोर ठाकते. आता ते ओणवे बसणे जाचक होते. मांडी व धड यांमधील कोन आवळलेला असल्याने कंबरेच्या व नितंबाच्या स्नायूंना पुरता जोर लावता येत नाही. शिवाय ही सायकल वजनाने जड. नेहमीची रस्त्यावरची सायकल हलकी असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिची किमान मर्यादा ६.८ किलो आहे.

आता हिशेब मांडू. स्वार व सायकल मिळून ७५ किलो धरले आणि दुसरी सायकल दीड किलोने हलकी असली, तर बचत झाली दोन टक्के. वीस मिनिटांच्या तीव्र चढावर ही बचत वीस सेकंदांच्या आसपास जाते. बदलण्यात, वेग मंदावणे व पुन्हा पकडणे धरून, दहा-पंधरा सेकंद जातात. म्हणजे लाभ थोडा, पण आहे. चढ सात-आठ मिनिटांचाच असेल तर निव्वळ वजनाच्या हिशेबाने मात्र तोटा होतो.

२०२० च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल ला प्लांश दे बेल फीय या डोंगरावर संपत होती. पोगाचार आणि रोग्लिच या दोघाही स्लोव्हेनियन स्वारांनी चढाच्या पायथ्याशी सायकल बदलली. सत्तावन्न सेकंदांनी मागे असलेला पोगाचार त्या दिवशी एकोणसाठ सेकंदांनी पुढे गेला. याउलट २०२३ साली कोंब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये पोगाचारने सायकल बदलली, तर डेन्मार्कच्या व्हिंगेगोरने बदलली नाही. तेथील तीव्र चढ जेमतेम अडीच किलोमीटरांचा; पुढचा रस्ता पुन्हा सौम्य. व्हिंगेगोर एक मिनिट अडतीस सेकंदांनी जिंकला. एवढे अंतर केवळ सायकलीमुळे पडत नाही, हे खरे. परंतु बदल हा सरसकट नियम नसून प्रत्येक रस्त्यासाठी नव्याने घ्यायचा निर्णय आहे, हे यातून दिसते.

मराठी डॉक्टरांची वाट

या निर्णयाची वैद्यकीय बाजू अधिक ठळक दिसते ती ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत. पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, तेही घड्याळ न थांबता! २०१५ साली नाशिकचे भूलतज्ज्ञ डॉ. हितेंद्र महाजन व दंतवैद्य डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ही शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. एकजण सायकलीवर, दुसरा गाडीत विश्रांती घेत. २०१७ साली भारतीय सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. हे सारे आपल्या व्यवसायातले आहेत, याचा मला विशेष अभिमान वाटतो.

या शर्यतीत कॅन्सासचे सपाट मैदान आहे आणि रॉकी पर्वतातील ३३०० मीटर उंचीची खिंडही आहे. त्यामुळे बहुतेक स्पर्धक एकाहून अधिक सायकली नेतात. पण कारण केवळ भूगोलाचे नाही. तासन्‌तास एकाच स्थितीत हँडल दाबून धरल्याने मनगटापाशी अल्नर नर्व्ह चेपली जाते. करंगळी व अनामिका बधिर होतात. मान सतत उचललेली राहिल्याने तिचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरणेच अशक्य होते. मायकेल शर्मर या स्वाराला १९८३ साली याच शर्यतीत हा त्रास झाला आणि तेव्हापासून त्याला ‘शर्मर्स नेक’ हे नाव पडले. वेगळ्या बैठकीची सायकल घेतली की शरीराचा भार एका मज्जातंतूवरून, एका स्नायूवरून दुसरीकडे सरकतो. येथे सायकल बदलणे हा एक प्रकारचा उपचारच असतो. तो मान कोसळण्याआधी व्हावा लागतो आणि थकलेल्या स्वारापेक्षा मागच्या गाडीतील सहकाऱ्यालाच ती वेळ आधी कळते.

आपल्यासाठी

अलीकडे पहाटे सायकल चालवणारे आपल्या समाजातही बरेच आहेत. मी अस्थिरोगतज्ज्ञ असल्याने त्यांपैकी काहीजण बोटांना मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे येतात आणि मणक्याच्या आजाराची धास्ती घेऊन बसलेले असतात. कित्येकदा दोष मानेत नसून उंच बसवलेल्या सीटमध्ये व खाली असलेल्या हँडलमध्ये निघतो. आपल्यामागे मोटार नाही, तिच्या टपावर दुसरी सायकलही नाही. पण सीटची उंची मापून घेता येते, दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदलता येते आणि सोबत्याने “आता थांबू या” म्हटले तर त्याचे ऐकता येते. बधिरता सायकल थांबवल्यावरही टिकून राहिली, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. आपल्यातील अनेकांच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी असते. त्या हाताची करंगळी बधिर होणे ही कोणत्याही शर्यतीसाठी मोजावी अशी किंमत नव्हे.