आग्नेयेकडे पाहणारी छत्री

फुकट दिसणारी वाहिनी खरोखर फुकट राहायची असेल, तर छत्री कुठे बघते हे घरातल्या निदान एका माणसाला कळले पाहिजे. दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. तिचा करार अगदी सरळ आहे. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचे, दरमहा काहीही द्यायचे नाही. मात्र महिन्याचे बिल नाही, तसा तक्रार करायचा नंबर फिरवला की दारात येणारा माणूसही नाही. वादळात पत्रा फिरला, माकडाने उडी मारली, रंगकाम करताना कोणी नट सैल केला, की पडदा काळा होतो. पुढचे सगळे तालुक्याच्या मेकॅनिकच्या सवडीवर आणि खिशातल्या पैशांवर अवलंबून राहते. कित्येक घरांत तर महिनोन् महिने छत्री उभी आणि टीव्ही बंद असे होऊन बसते. छत्रीची दिशा लावणे हे गूढ कसब आहे, हा समज त्याच्या मुळाशी आहे. शाळेतली कंपासपेटी, गवंड्याचा ओळंबा, एक होकायंत्र आणि अर्धा तास सबुरी एवढ्यावर हे काम होते, असे माझे म्हणणे आहे.

आधी नेम कशावर धरायचा आहे ते पाहू. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने एक फेरी पुरी करतो, म्हणून जमिनीवरून तो आकाशात खिळा ठोकल्यासारखा स्थिर वाटतो. अशा तीन उपग्रहांनी जवळजवळ सगळे जग जोडता येईल, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली एका ब्रिटिश मासिकात मांडली होती. भारतातली खेडी आणि उपग्रह यांची पहिली मोठी गाठ १९७५–७६च्या ‘साइट’ प्रयोगात पडली. तेव्हा सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांसाठी जाळीच्या तीन-तीन मीटरच्या छत्र्या उभाराव्या लागल्या होत्या. आज तेच काम साठ सेंटिमीटरच्या पत्र्यावर भागते, कारण उपग्रहाची ताकद आणि लहरींची फ्रीक्वेन्सी दोन्ही वाढली आहेत. फ्री डिशच्या वाहिन्या येतात त्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून. इस्रोने बांधलेला, ३१६४ किलो वजनाचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला. त्याची जागा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, समुद्राच्या थेट वर. आपण त्याच्या वायव्येला राहतो, म्हणून तो आपल्याला आग्नेयेला दिसणार. घराची वास्तू पाहणाऱ्यांना ही दिशा चुलीची म्हणून पाठ असते. छत्रीसाठीही तीच लक्षात ठेवावी.

पण ‘आग्नेय’ एवढ्यावर भागत नाही, आणि गावोगावचा आकडा वेगळा का हे समजले की निम्मे काम होते. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजले तर मुंबईत उपग्रह सुमारे १३१ अंशांवर येतो, पुण्यात १३२, पणजीत १२७ आणि नागपुरात १४४ ते १४५. विदर्भ त्या रेखांशाच्या अधिक जवळ आहे, म्हणून तिथे छत्री जास्त दक्षिणेकडे वळते. कोकणात आणि गोव्यात ती पूर्वेकडे झुकते. क्षितिजापासूनची उंची मात्र फारशी बदलत नाही. मुंबईत सुमारे ५७.५ अंश, पुण्यात ५९, नागपुरात ६०, पणजीत ६१. हे आकडे कुठल्या कंपनीचे गुपित नाहीत. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि शाळेतली त्रिकोणमिती एवढ्यावर ते कागदावर काढता येतात, आणि ज्यांना तो हिशेब नको त्यांना मोबाइलवरची ॲप ते क्षणात सांगतात. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जेमतेम अंशभरही ढळत नाही, त्यामुळे वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. फक्त लोखंडी कठडा, पत्र्याचे छप्पर किंवा खुद्द छत्रीचा खांब यांच्याजवळ ते धरू नये. चार पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी आणि त्या रेषेत दूरवरचे एखादे झाड किंवा पाण्याची टाकी खूण म्हणून धरावी.

यानंतर हात घालायचा तो खांबाला, छत्रीला नव्हे. खांब ओळंब्यात नसेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते, मग दोन्ही कोन एकमेकांत गुंततात आणि कितीही फिरवले तरी नेम बसत नाही. दोन बाजूंनी ओळंबा लावून खांब सरळ केला, की ब्रॅकेटवर छापलेले अंश विश्वासाचे होतात. त्यावर आपल्या गावाची उंची लावायची आणि मग फक्त आडवी दिशा शोधायची. इथे डोळ्यांची एक फसगत होते. घरगुती छत्रीचा पत्रा मोठ्या वाटीचा मधला तुकडा नसतो, बाजूचा कापलेला भाग असतो. म्हणून लहरी टिपणारा डबा, म्हणजे एलएनबी, खालच्या दांड्यावर बसतो आणि आलेल्या लहरी तिरप्या परतून त्याच्यात पडतात. उपग्रह ५७ अंशांवर असला तरी पत्रा पस्तिसाच्या आसपास पाहतो आहे असे वाटते. हे ठाऊक नसलेला माणूस छत्री आणखी वर उचलतो आणि लागलेला नेम घालवून बसतो.

खरी सबुरी लागते ती शेवटच्या वळणावर. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की नेम एका अंशाने हलतो, आणि तिथे वर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त. शेजारीच, ९५ अंशांवर, पैसे भरून पाहायच्या एका मोठ्या सेवेचा उपग्रह आहे. आकाशात दोघांमधले अंतर अकराशे किलोमीटर, पण छत्रीच्या कडेवर ते एका सेंटिमीटरपेक्षा कमी भरते. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्टे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी, आणि बहुतेक घोटाळे या दोहोंतला फरक न कळल्याने होतात. एलएनबीला वीज मिळाली, केबल नीट जोडली गेली, की स्ट्रेंग्थ वर जाते; छत्री भिंतीकडे वळलेली असली तरी तो पट्टा बराच भरलेला दिसू शकतो. आपण मागितलेल्या उपग्रहाचा आपण मागितलेला सिग्नल बॉक्सला ओळखू आला तरच क्वालिटी हलते. म्हणून स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर छत्री मोकळ्या आकाशाकडे किंवा शेजाऱ्याकडे बघते आहे असे समजावे. जुन्या अँटेनाच्या काळात गच्चीवरून “दिसतंय का?” असे ओरडले की खालून “मुंग्या कमी झाल्या!” असे उत्तर यायचे, आणि त्या मुंग्याच वाट दाखवायच्या. डिजिटल चित्राला मुंग्या नाहीत. ते येते तरी पूर्ण, नाहीतर येतच नाही, आणि सिग्नल ओळखायला बॉक्सला काही सेकंद लागतात. छत्री भराभर फिरवणारा माणूस उपग्रहावरून दहा वेळा जातो आणि दहाही वेळा त्याला पत्ता लागत नाही. करंगळीच्या जाडीपेक्षा कमी सरकवावे, पाच आकडे मोजावेत, पट्टा पाहावा, पुन्हा सरकवावे.

त्याआधी बॉक्स बरोबर प्रश्न विचारतो आहे ना, हे तपासणे भाग आहे. एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५० आणि १०६००, निवडलेला हवा. तो चुकला तर नेम अचूक असूनही क्वालिटी शून्यच राहते. मग फ्री डिशची एखादी फ्रीक्वेन्सी, उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, लावून छत्री फिरवावी. एलएनबी यातून ९७५० वजा करतो आणि उरलेले १३४० मेगाहर्ट्झ केबलमधून खाली पाठवतो. मूळ फ्रीक्वेन्सी साध्या केबलमध्ये तग धरत नाही, म्हणून ही वजाबाकी वरच उरकावी लागते. क्वालिटी आली की आणखी एक काम उरते आणि ते हमखास विसरले जाते. आपण उपग्रहाच्या रेखांशापासून पश्चिमेला असल्यामुळे त्याची उभी लहर आपल्यापर्यंत तिरपी होऊन पोहोचते. तेव्हा एलएनबी त्याच्या पकडीत दोन्ही बाजूंना हळूहळू गोल फिरवून, क्वालिटी सर्वांत जास्त होईल तिथे घट्ट करावा. केबल जोडताना बॉक्सचा स्विच बंद ठेवावा, आणि सांध्याशी केबलला खालच्या बाजूने एक वळण द्यावे, म्हणजे पावसाचे पाणी आत न शिरता तिथून ठिबकते.

यावर पहिला आक्षेप असा की चार पैसे देऊन मेकॅनिक बोलावता येतो, मग सामान्य माणसाने जिवावर उदार होऊन छपरावर का चढावे? यातली भीती खरी आहे. सिमेंटच्या पत्र्यावर कुणीही चढू नये. पण छत्री छपरावर हवी हीच समजूत अँटेनाच्या जमान्यातून आलेली आहे. जमिनीवरच्या टॉवरचे प्रक्षेपण डोंगर आणि पृथ्वीची वक्रता अडवत असे, म्हणून तेव्हा बांबूवर बांबू बांधून उंची गाठावी लागे. दूरदर्शनने आपली जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली, पण उंचीचा हट्ट लोकांच्या मनात राहिला. छत्तीस हजार किलोमीटर दूरच्या उपग्रहासाठी दहा फूट वर-खाली होण्याला काही अर्थ नाही. त्याला हवी फक्त आग्नेयेकडची मोकळी रेषा, आणि आपल्याकडे उपग्रह इतका उंच आहे की ती रेषा अंगणातूनही मिळते. मुंबईच्या कोनाचा हिशेब केला तर दहा मीटरवर असलेली इमारत छत्रीपेक्षा पंधरा मीटर उंच असली तरी आड येत नाही. लंडनमध्ये तिथल्या फुकट वाहिन्यांचा उपग्रह क्षितिजापासून अवघा २५ अंशांवर असतो. तिथे समोरचे घरसुद्धा अडथळा ठरते. आपल्याला ही सवलत भूगोलाने दिली आहे. छत्री हाताच्या उंचीवर, भिंतीला किंवा अंगणात रोवलेल्या खांबाला लावली तर पडण्याचे भय नाही, आणि कोकणच्या वाऱ्यात ती उडण्याचा धोकाही कमी.

दुसरा आक्षेप नेमकेपणावर असतो. चित्र दिसू लागले, आता आणखी एक-दोन टक्क्यांसाठी झटापट कशाला? उत्तर जून महिन्यात मिळते. या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असते आणि पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. जुन्या केबलवाल्यांच्या अवजड छत्र्या याहून बऱ्याच लांब लहरींवर चालत, म्हणून त्यांना पाऊस एवढा भोवत नसे. आकाश निरभ्र असताना क्वालिटी कशीबशी काठावर असेल, तर पहिल्याच सरीत चित्र चौकोन चौकोन होऊन थिजते आणि घरचे लोक उपग्रहाला बोल लावतात. मुसळधार कोसळताना तर अचूक छत्रीचेही काही मिनिटे चालत नाही. पण मध्यम पावसात एकाच आळीतल्या दोन घरांपैकी एकात चित्र येते आणि दुसऱ्यात जाते, याचे कारण बहुतेक वेळा उन्हाळ्यात घेतलेल्या किंवा न घेतलेल्या त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या कष्टांत असते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. आता सगळे मोबाइलवर आहे, आणि फ्री डिशवर तरी जुन्या मालिकांशिवाय काय उरले? शिवाय खासगी वाहिन्या इथे लिलावात जागा घेऊन येतात आणि मनात आले की जातात. मार्च २०१९मध्ये मोठ्या समूहांनी आपल्या लोकप्रिय फुकट वाहिन्या काढून घेतल्या, त्या पुढच्या वर्षी परतल्या आणि २०२२मध्ये पुन्हा गेल्या. हे सगळे खरे आहे, आणि वाहिन्यांचा दर्जा सुधारावा अशी मागणी प्रेक्षकांनी केलीच पाहिजे. तरीही मोबाइलची तुलना मला पटत नाही. मोबाइलवर प्रत्येक जास्त पाहणारा माणूस जास्त डेटा मागतो आणि रिचार्ज संपला की दार बंद होते. उपग्रहाला मात्र एका घराने पाहिले काय नि चार कोटी घरांनी पाहिले काय, खर्च तोच. सह्याद्री वाहिनीच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, याच उपग्रहावरून २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या यांचे मोल, ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, त्या घरातल्या मुलीच्या बाजूने मोजावे. तिच्यासाठी ही सोय शेवटच्या नटपर्यंत चालू राहणे महत्त्वाचे आहे. शाळेत भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांश शिकवताना गावाच्या छत्रीचा कोन काढून दाखवायला काय हरकत आहे?

आणि होकायंत्रही नसेल तर वर्षातून दोनदा सूर्य स्वतः खूण करून देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला महाराष्ट्रात सकाळी अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या जवळजवळ मागून जातो. त्या दिवसांत काही मिनिटे क्वालिटीचा पट्टा खाली उतरतो तो याचमुळे. सूर्याकडे मुळीच पाहायचे नाही. ज्या जागी छत्री लावायची तिथे त्या वेळी ऊन पडते का, एवढेच पाहायचे. ऊन पडत असेल तर ना झाड आड आहे ना भिंत, आणि उपग्रहाचा सिग्नलही तिथवर पोहोचणार. मग ओळंबा टांगून दोरीची जमिनीवर पडलेली सावली खडूने आखून ठेवावी. त्या रेषेचे सूर्याकडचे टोक छत्रीला दिशा दाखवते.