मारेकऱ्याचं वाक्य

परभणीहून औंढा नागनाथला येताना भाच्यानं गाडीत एक इंग्रजी गाणं लावलं. 'द क्रॅनबेरीज' या आयरिश वाद्यवृंदाचं, १९९६ सालचं, 'आय जस्ट शॉट जॉन लेनन'. गायिका डोलोरेस ओरिऑर्डन; तीही २०१८ मध्ये गेली.

बीटल्सवाल्या लेननचा खून ८ डिसेंबर १९८० च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये, तो राहत होता त्या डकोटा इमारतीच्या दारात झाला. त्याच संध्याकाळी मारेकऱ्यानं त्याच्याकडून ध्वनिमुद्रिकेवर सही घेतली होती! रात्री पाठीमागून पाच गोळ्या झाडल्या, चार लागल्या. पळाला नाही; कादंबरी उघडून वाचत राहिला. हे काय केलंस, असं दरवानानं विचारल्यावर त्यानं जे सांगितलं, तेच या गाण्याचं शीर्षक आणि तेच ध्रुवपद.

आयुष्य बँकेत सह्या ताडून पाहण्यात गेलं, त्यामुळे चूक आधी दिसते. गाण्यात हत्यार स्मिथ अँड वेसनचं आहे. प्रत्यक्षात ते चार्टर आर्म्सचं रिव्हॉल्व्हर होतं. ते सोडून देऊ. पोवाड्यांतले तपशील तरी कुठे ताळेबंदाला जुळतात? मला खटकलं ते ध्रुवपद. आपण हे प्रसिद्धीसाठी केलं, असं त्या माणसानं पुढे पॅरोलच्या सुनावणीत स्वतःच कबूल केलं. मग त्याचंच वाक्य पुन:पुन्हा गायचं?

"मामा, त्याचं नाव कुठे घेतलंय?" भाचा म्हणाला. खरं आहे, घेतलेलं नाही. तरीही एल्टन जॉननं १९८२ मध्ये याच मित्रावर गायलेलं 'एम्प्टी गार्डन' मला जवळचं वाटतं. त्यात उजाड बाग आहे, निघून गेलेला माळी आहे. मारेकऱ्याला बोलायला जागा नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. तिथे खून नाही, पण सोबती जाताना पाहणाऱ्याचा आकांत तोच आहे. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यातलं.

औंढ्याला पोचल्यावर देवळाच्या मागे गेलो. नंदी तिथे आहे, देवाच्या पाठीशी. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना इथून मागे हुसकलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा. भाच्याला ती ठाऊक नव्हती. त्यानं विचारलं, "हुसकणारे कोण होते?"

"इथलेच पुजारी, म्हणतात."

"नावं?"

मी शेजारच्या फुलवाल्या आजोबांकडे पाहिलं. ते हसले आणि बेलाची जुडी पुढे करून म्हणाले, "दहा रुपये."