दावण रिकामी होते तेव्हा

गेल्या पोळ्याच्या सुमारास सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी जळकोटला माझ्याकडे तपासणीसाठी आले. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. रक्तदाब वाढलेला होता. मी गोळ्या बदलून दिल्या. पंधरा दिवसांनी त्यांची सून एकटीच आली. "डॉक्टर, मामा गोळ्या घेतच नाहीत. दिवसभर रिकाम्या दावणीपाशी बसून असतात. आमचा बैल गेला." घरात काय घडले, हे मी विचारलेच नव्हते. ती चूक माझी होती.

वाचकहो, ज्याच्या दावणीला कधी बैल नव्हता, त्याला हे दुःख अतिशयोक्त वाटेल. परंतु दहा-बारा वर्षे एकाच बैलामागे तिफण धरणाऱ्याला त्या जनावराची चाल आणि श्वास ओळखीचा झालेला असतो. खांदेमळणीच्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला तूप-हळद लावणारे हात त्याच धन्याचे असतात. जोडीतला एक गेला की उरलेला बैलही हंबरत राहतो, वैरण सोडतो.

२०२२ मध्ये लम्पी आजाराने राज्यातील हजारो जनावरे दगावली. शासनाने गाईसाठी ३० हजार आणि बैलासाठी २५ हजार रुपयांची मदत दिली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या धाराशिव जिल्ह्यातील अनेक गोठे पाण्याखाली गेले. मदतीने तोट्याचा काही भाग भरून निघतो, सोबत भरून निघत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या ज्येष्ठांना तर अशा वेळी तेव्हाची जनावरेही आठवतात.

समाज ज्या शोकाला शोक मानत नाही, त्याचा विचार केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडला. माणूस गेले तर दहावे-तेरावे होते, भेटायला पाहुणे येतात. बैल गेला तर "जनावरच होतं, दुसरं घेऊ" एवढेच ऐकावे लागते. मग ज्येष्ठ व्यक्ती रडणे टाळते, आणि आत साठलेले दुःख अंगदुखी व निद्रानाश होऊन बाहेर पडते.

जनावराबरोबर दिनक्रमही जातो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पहाटे उठणे, शेण काढणे, वैरण आणणे, पाणी पाजणे, हाच त्यांचा व्यायाम असतो. तो एकाएकी थांबला की सांधे आखडतात, साखर वाढते, रात्री झोप येत नाही.

म्हणून घरच्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. बैलाचा विषय टाळू नये. त्याचे नाव घेऊन आठवणी ऐकाव्यात. दावे, घुंगुरमाळ, झूल त्यांना न विचारता हलवू नये. नवे जनावर आणण्याची घाई करू नये. तो निर्णय त्यांचा असू द्यावा. पहाटेची वेळ मोकळी ठेवू नये, शेताच्या बांधापर्यंत त्यांच्यासोबत चालत जावे. मधुमेही व्यक्ती जेवत नसेल, तर साखरेच्या गोळ्या वा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, अन्यथा साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. छातीत दुखणे किंवा धाप लागणे हे 'दुःखामुळे' म्हणून सोडून देऊ नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

दोन-तीन आठवड्यांनंतरही अन्न-झोप सुधारत नसेल, किंवा "आता जगून काय करायचे" असे शब्द निघत असतील, तर थांबू नका. अशा वेळी त्यांना एकटे सोडू नये. डॉक्टरांना दाखवा, टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही.

त्या शेतकऱ्यांना मी पुन्हा बोलावले, तेव्हा प्रथम बैलाचे नाव विचारले. "राजा," ते म्हणाले, आणि बराच वेळ बोलत राहिले. राजाला बांधावरच्या चिंचेखाली पुरले होते. आता ते रोज पहाटे तिथपर्यंत चालत जातात, आणि परत येऊन उरलेल्या बैलाला स्वतःच्या हाताने वैरण घालतात. गोळ्याही नियमित घेतात.