मिलानच्या कोलंबो घराण्याची नळी

पोलादाची पोकळ नळी हा जिन्नस व्यापाराच्या दप्तरी कितीही क्षुल्लक गणला जात असला, तरी जिच्या आधाराने आसन, शर्यतीची सायकल आणि चित्रकला ही तीन परस्परांस अनोळखी क्षेत्रे एकाच घराण्याच्या कारभारात नांदू लागली, ती कोलंबस नळी अँजेलो लुइजी कोलंबो यांनी १९१९ साली मिलान येथे काढलेल्या कारखान्याचे अपत्य होय. रचनाकार मार्सेल ब्रॉयर यास १९२५ साली सायकलच्या वाकवलेल्या हँडलावरून नळीची खुर्ची सुचली, असे सांगतात. ते खरे असेल तर सायकलीच्या नळ्या ओढणाऱ्या या कारखान्याने पुढे वास्तुकार तेरान्यी यांच्या आराखड्यांवरून आसने सिद्ध करावीत, यात नवल ते कोणते?

या नळीचे मर्म मात्र डोळ्यांना दिसत नाही. जोडाच्या ठिकाणी, जेथे झाळकामाची आच आणि रस्त्याचे धक्के दोन्ही सोसावे लागतात, तेथे भिंत जाड, आणि मधल्या भागात, जेथे ताण कमी, तेथे ती पातळ ठेवायची, परंतु बाहेरचा व्यास जराही बदलू द्यायचा नाही, असे हे कसब आहे. ‘एस. एल.’ या प्रसिद्ध जातीच्या मुख्य नळ्यांत ही जाडी टोकांशी ०.९ आणि मध्ये अवघी ०.६ मिलिमीटर असे. १९७२ साली मेक्सिको शहरी सायकलपटू एडी मर्क्स याने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले, ते सायकल बांधणाऱ्या कोल्नागोने याच कारखान्याच्या नळ्यांतून बांधलेल्या सायकलीवर.

अँजेलो यांचे पुत्र आंतोनियो यांनी १९७८ साली चिनेल्ली ही सायकलींची पेढी आपल्या ताब्यात घेतली. तिचे संस्थापक चिनो चिनेल्ली स्वतः १९४३ च्या मिलान–सान रेमो शर्यतीचे विजेते. आंतोनियोंनी इतालो लुपी यांच्याकडून पेढीचे नवे बोधचिन्ह रेखाटून घेतले. चित्रकार कीथ हेरिंगने पेढीची ‘लेझर’ सायकल रंगवली. आणि १९९८ साली आंतोनियोंनी मिलानमध्ये समकालीन कलेचे दालनही उघडले. धनिकाचा छंद म्हणून या दालनाची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते, कारण जोडाची रेघही दिसू नये इतक्या घोटीव अंगाची लेझर हा चित्रकाराच्या नजरेचाच पुरावा आहे, आणि इटलीतील ‘कोंपास्सो द’ओरो’ पारितोषिकाच्या परीक्षकांनी १९९१ साली तिचा सन्मानपूर्वक उल्लेख करून तो रुजू करून घेतला. चित्रे दालनात विकली जातात. नळ्या मात्र हाताने सायकल बांधणारे देशोदेशीचे कारागीर आजही मागवतात.